दर वर्षी हलकी होणारी तलवार

सकाळचा उजेड आमच्या घरात दारातून येत नाही. दार पश्चिमेला आहे. तो मागच्या अंगाने, तुराट्यांच्या कुडातून येतो. कुडाच्या फटींतून यावे लागत असल्यामुळे त्याच्या बारीक पट्ट्या होतात. अगदी आरंभी त्यांना रंग नसतो. राख कालवलेल्या पाण्यासारख्या त्या समोरच्या भिंतीवर नुसत्या जाणवतात. मग सूर्य शेजारच्या कडब्याच्या गंजीवरून वर येतो आणि सर्वांत उंच फटीतली पट्टी सर्वांत आधी पिवळी होते. ती खुंटीवर पडते. खुंटीवर मी आहे. काही क्षण माझी मूठ उजळते, मग पात्याचा मधला कणा, मग टोक. त्यानंतर उजेड मला सोडून खाली उतरू लागतो, कारण सूर्य जसजसा वर जातो तसतसा घरातला उजेड खाली जातो. तो कॅलेंडरवर येतो. कॅलेंडरच्या खाली रांजण आहे. त्याच्या झाकणावरच्या पितळी तांब्यात दिवसाची पहिली चमक उमटते, आणि मग रांजणाच्या ओल्या पोटावर उजेड जरा रेंगाळतो. शेवटी तो सारवलेल्या जमिनीवर पोहोचतो आणि आमच्या घरधनिणीच्या, जगदेवीच्या, बोटांनी शेणात उमटवलेले अर्धगोल एकेक करून दिसू लागतात. एवढ्या प्रवासाला साताठ भाकरी भाजून होण्याइतका वेळ लागतो. मी तो रोज पूर्ण पाहते. मला आता दुसरे काम नाही.

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. तलवार म्हटल्यावर तुम्हाला किल्ला, राजा, लढाई असे काही आठवेल. माझ्या वाट्याला त्यातले काहीच आलेले नाही. मी लाकडाची आहे, आणि लाकूडही पांगाऱ्याचे, जे इतके मऊ असते की त्यात नख रुतते. माझे वय अवघे सात वर्षांचे. पण सोंगाच्या सामानाचे वय वर्षांनी कळत नाही. त्याच्यावर रंगाचे किती हात बसले, यावरून ते कळते. माझ्यावर सहा वेळा रंग चढला. त्याखाली जे लाकूड होते, ते मात्र कमी कमी होत गेले. मी थकले आहे, आणि तो थकवा कशाचा, हे सांगण्यासाठी आज मी बोलते आहे.

माझा जन्म हुमनाबादला झाला. हमरस्त्याच्या कडेला जिथे लॉऱ्या रांगेने उभ्या असतात, तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये पंचाक्षरी नावाचे एक पेंटर लॉऱ्यांवर मोर, कमळे आणि मालकांच्या मुलाबाळांची नावे रंगवतात. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही लिप्या त्यांच्या ब्रशाला सारख्याच सरावाच्या आहेत. रंगाचे काम नसेल तेव्हा ते सुतारकी करतात. त्यांच्या शेडच्या मागच्या भिंतीला टेकून मी दोन उन्हाळे नुसती फळी म्हणून उभी होते. पांगारा ओला असताना कापला तर पुढे वाकतो, म्हणून तो असा वाळवावा लागतो.

एके दिवशी पहिल्या बसने पिराप्पा आले. हळ्ळीखेडच्या अलीकडे माळावर आमची वस्ती आहे, तिथले ते. बावीस वर्षे त्यांनी बाजारात पोती उचलली होती आणि अलीकडे त्याच बाजारात ते राखणदारी करत होते. त्यांच्या डाव्या काखेत गोणपाटात गुंडाळलेली एक तलवार होती. ती बाभळीची, त्यांच्या वडिलांच्या हातची.

"अण्णा, ह्याच मापाची दुसरी करून द्या," ते म्हणाले. "पर हलकी पायजे."

पंचाक्षरींनी ती तलवार दोन्ही हातांवर तोलून पाहिली. "हिला काय झालंय? ही माझ्या नातवाच्या नातवाला पुरंल."

"जड हाय."

"इतकी वर्सं न्हवती, आताच कामून झाली?"

"आतून कीड लागली आसंल."

"कीड लागली की लाकूड हलकं होतंय पिराप्पा, जड न्हाई होत."

यावर दोघेही हसले. हसताना पंचाक्षरींची नजर पिराप्पांच्या उजव्या खांद्यावर गेली आणि तिथून लगेच परत आली. पिराप्पा शेडमध्ये आल्यापासून तो हात कमरेच्या वर गेला नव्हता. पंचाक्षरींनी मला भिंतीजवळून उचलले, बोटाच्या पेराने दोनदा वाजवून पाहिले आणि म्हटले, "ही बघ. हिच्यात लाकूड कमी आन् हवा जास्ती."

मला घडवायला त्यांना अकरा दिवस लागले. आधी त्यांनी पुठ्ठ्यावर बाभळीच्या तलवारीची बाह्याकृती काढली आणि त्या रेषेवरून मला कापले. मग मला उभे चिरून दोन पाती केली, दोन्हींच्या आतली बाजू गोल पटाशीने कोरून काढली आणि सरसाने ती पुन्हा जुळवली. म्हणजे मी पोकळ झाले. बासरी पोकळ असते तशी, पण सूर नसलेली. पात्याच्या कडा ठोकर लागून उडू नयेत म्हणून त्यांनी जुन्या धोतराच्या पट्ट्या चिंचोक्याच्या खळीत भिजवून माझ्या अंगावर ताणून बसवल्या. त्या वाळल्यावर लांबी, म्हणजे रंगाआधीचा लेप, भरली, घासकागदाने मला आरशासारखे केले, आणि मग चंदेरी रंग दिला. मुठीला सुतळीचे वेढे दिले. सर्वांत शेवटी त्यांनी सर्वांत बारीक ब्रश घेतला. माझ्या कडेला लागून त्यांनी एक पांढरी रेघ ओढली आणि तिला चिकटून आत एक करडी रेघ ओढली. त्याबरोबर मला धार आली. बोट फिरवले तर कड गोलच होती. पण पाच पावलांवरून पाहणाऱ्याला वाटावे की ही लागली तर रक्त निघेल. एका नारळाइतके माझे वजन भरले.

पिराप्पांनी मला उचलले ते झटक्यात. पंचाक्षरींनी कपाळावर हात मारला.

"आसं न्हाई रे बाबा! ही लोखंडाची हाय आसं समज. पयलं खांदा हलू दे, मग कोपर, मग मनगट. न्हाई तर लोक म्हणतील, पिराप्पानं केरसुणी उचलली."

मित्रांनो, मला कशासाठी बनवले, ते आता सांगते. आमच्या वस्तीत दर वर्षी माघात बिरप्पाची जत्रा भरते. त्या दिवशी सकाळी पालखीपुढे 'वीर' चालतो. पिराप्पांच्या घराकडे हे सोंग पिढ्यांपासून आहे. खांद्यावर काळी घोंगडी, डोक्याला पिवळे पागोटे, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात तलवार. देवाची लोखंडी तलवार देवळातून हलवत नाहीत. सोंगाची तलवार नेहमी लाकडाचीच असते. पालखी वेशीत आली की वीर थांबतो, तलवार डोक्याच्या वर धरतो आणि गावच्या शिवारातल्या एकवीस विहिरींची नावे घेतो. थोरली बावडी, चिंचेचा आड, जांभळीची विहीर, गवळणीची बावडी... एका नावाला ढोलाचा एक ठोका. एकविसावे नाव होईपर्यंत तलवार खाली यायची नाही. ज्या नावाला ती खाली आली, त्या विहिरीचे पाणी त्या उन्हाळ्यात हटते, अशी सगळ्यांची समजूत आहे. म्हणून ज्यांच्या विहिरी शेवटी येतात, ती माणसे वेशीत सर्वांत पुढे उभी राहतात आणि वीराच्या तोंडाकडे न पाहता मनगटाकडे पाहतात.

आणखी एक रीत आहे. वीराला उतरवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पंचांना नाही, पुजाऱ्याला नाही, घरच्यांनाही नाही. आपल्याने आता होत नाही, असे त्याने स्वतःच्या तोंडाने, वेशीत, लोकांसमोर म्हणायचे आणि तलवार दुसऱ्याच्या हातात द्यायची. पिराप्पांच्या वडिलांनी ते कधीच म्हटले नव्हते. ज्या वर्षी ते वारले, त्या वर्षीच्या जत्रेतही त्यांनी बाभळीची तलवार एकवीस नावे संपेपर्यंत वर धरली होती. ही गोष्ट वस्तीत अजून सांगतात, आणि पिराप्पांच्या घरात जरा जास्तच सांगतात.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. मी उन्हात वर गेले तेव्हा पहिल्या रांगेतली म्हातारी ईरम्मा दोन पावले मागे सरकली. "आगं बया, खरी हाय का काय! पोरं मागं घ्या!" ती ओरडली आणि सगळे हसले. पिराप्पांनी मला लोखंडासारखे उचलले होते. त्यांच्या धाकट्या भावाने, मल्लिकार्जुनने, एकवीस ठोके सावकाश दिले. शेवटच्या नावानंतर मी खाली आले तेव्हा पिराप्पांच्या तळव्याच्या घामाने माझ्या मुठीची सुतळी ओली झाली होती. मला वाटले, हा आनंदाचा घाम आहे. मी नवी होते. मला घामातला फरक कळत नव्हता.

जत्रा संपली की जगदेवी, म्हणजे पिराप्पांची बायको, मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवी. वर्षभर मी अंधारात पडून असे. दुसऱ्या वर्षी ट्रंक उघडली आणि पिराप्पांनी मला हातात घेतले. त्यांनी मला खांद्यापर्यंत नेले, तोंड वेडेवाकडे केले आणि मला पुन्हा मांडीवर ठेवले.

"जड झालीय ही," ते म्हणाले. "ओल धरली ट्रंकेत."

मित्रांनो, त्या एका वाक्याने मी किती वर्षे स्वतःला दोष देत राहिले, ते तुम्हाला कसे सांगू? मला खरेच वाटले की मी ओल धरली. पावसाळ्यात ट्रंकेच्या तळाशी मी काही चुकीचे केले असेन, नको ते शोषून घेतले असेल, असे मला वाटले. पिराप्पा मला घेऊन हुमनाबादला गेले. पंचाक्षरींनी रंधा फिरवला आणि माझी पाठ एका जोंधळ्याच्या दाण्याइतकी कमी झाली. नवा रंग चढला. त्या वर्षी एकवीस नावे नीट झाली. तिसऱ्या वर्षी पुन्हा "जड हाय." या वेळी पंचाक्षरींनी मला उकलले, आतून अजून कोरले आणि पुन्हा जुळवले. तीही जत्रा पार पडली. मात्र नावे आता लवकर लवकर येऊ लागली होती. चिंचेचा आड आणि जांभळीची विहीर एकमेकींना धडकू लागल्या. मल्लिकार्जुनच्या ते लक्षात आले. त्याने ठोक्यांमधले अंतर कमी केले.

लोकांनी ते ओळखले नाही असे नाही. पारावर बसणारे बसलिंगप्पा एकदा त्याला म्हणाले, "काय रे मल्लू, ढोल वाजवायलास का पापड लाटायलास? लई घाई झालीय तुला."

"मला घाई हाय मामा, पालखीमागं जेवण ठिवलंय न्हवं."

"का वीर व्हायची घाई झालीय?"

"मला नगं ते. थोरला अण्णा हाय तवर मी ढोलच," मल्लिकार्जुन म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा राहिली नव्हती.

चौथ्या वर्षी जे घडले ते फक्त मला आणि पंचाक्षरींना ठाऊक होते. पिराप्पा मला त्यांच्याकडे सोडून गेले आणि आठवड्याने न्यायला आले. त्या आठवड्यात पंचाक्षरींनी माझ्यावर रंधा लावलाच नाही. त्यांनी मला उन्हात धरून पाहिले, अंगठ्याने दाबून पाहिले, आणि मग रंगाचे दोन हात तेवढे दिले. म्हणजे मी होते त्यापेक्षा जराशी जडच झाले होते. पिराप्पांनी मला उचलले. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हां! आता कशी झाली! आता हलकी झाली बघा अण्णा!"

पंचाक्षरी ब्रश धूत राहिले. पुढे बाजाराला आलेली जगदेवी उसना नेलेला रंगाचा डबा परत करायला शेडवर गेली, तेव्हा ते तिला म्हणाले, "अक्का, ह्या डावी मी तासलीच न्हाई. नुसता रंग दिला."

"मला ठाव हाय," जगदेवी म्हणाली. "सा महिने झाले, त्यांच्या अंगात सदरा मी घालायलेय. उजवी बाही आदी, मग डावी. ते म्हणत्यात सदरा आटलाय."

"मग बोलत कामून न्हाई?"

"तुमी कामून न्हाई बोललाव अण्णा?"

पंचाक्षरींनी डबा घेऊन फळीवर ठेवला. रात्री पिराप्पा राखणीला गेल्यावर जगदेवीनेच हे घरी धाकट्या जावेला सांगितले आणि ट्रंकेच्या बंद झाकणातून मी ते ऐकले. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात शंका आली. पण मित्रांनो, बोल लावून घेण्याची एक सवय लागते. मी ती शंका बाजूला ठेवली. एवढा भला माणूस मला जड म्हणतो, तर मी जडच असेन, असे मी मानले.

पाचव्या वर्षी पंचाक्षरींनी मला खरोखरच तासले. माझी पाठ आता इतकी पातळ झाली होती की आतून हवा सरकली तरी मला कळे. एका भाकरीपेक्षा माझे वजन फारसे अधिक नव्हते. जत्रेच्या सकाळी वेशीत मी वर गेले. दहा नावे झाली. चौदा झाली. पिराप्पांच्या मनगटातून एक बारीक थरथर माझ्यात आली आणि माझे टोक हवेत लिहू लागले. अठरावे नाव त्यांनी श्वासाबरोबरच टाकले. एकोणिसावे होते उद्धवरावाची विहीर. 'उद्धवरावाची' हा शब्द पुरा झाला, 'विहीर' म्हणता म्हणता मी त्यांच्या कपाळापर्यंत, मग छातीपर्यंत उतरले. ढोल थांबला.

"मूठ निसटली," पिराप्पा मोठ्याने म्हणाले. "जड झालीय तलवार." मग डाव्या हाताचा आधार देऊन त्यांनी मला पुन्हा वर केले आणि उरलेली दोन नावे उरकली.

उद्धवराव आता नाहीत. त्यांची विहीर त्यांच्या पत्नी सुभद्राबाई सांभाळतात. एकट्याच आहेत, अडीच एकर कोरडवाहू आणि त्या विहिरीवर अर्धा एकर कांदा. गल्लीतली सहा घरे पिण्याला त्यांचेच पाणी नेतात. त्या दिवशी पहिल्या रांगेत त्या उभ्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. पालखी पुढे गेल्यावर त्यांनी पिराप्पांना एवढेच विचारले, "माझीच सापडली व्हय रं तुला?"

त्या उन्हाळ्यात ती विहीर आटली. मला खोटे बोलायचे नाही, मित्रांनो: त्या उन्हाळ्यात तिच्या शेजारच्या रानात दोन नवीन बोअर पडल्या होत्या, आणि आणखी चार विहिरींनीही तळ दाखवला होता. पण त्या चौघींचे नाव कुणी घेतले नाही. कांदा करपला. सुभद्राबाई थोरल्या बावडीवरून डोक्यावर घागर घेऊन येत, आणि त्यांची वाट आमच्या दारावरून जाई. त्यांची चाहूल लागली की पिराप्पा उठून आत येत आणि काही शोधत असल्यासारखे करत. एकदा त्यांनी ट्रंक उघडली, माझ्याकडे पाहिले आणि दबल्या आवाजात म्हटले, "तुझ्यामुळं झालं." मी ते ऐकून घेतले. लाकडाला मान खाली घालता येत नाही.

सहाव्या वर्षी ते मला पुन्हा हुमनाबादला घेऊन गेले. पंचाक्षरींनी मला उजेडाकडे धरले.

"आता काय तासू? आता तासली तर पल्याडची लॉरी दिसंल हिच्यातून. आता लाकूड न्हाई राहिलं पिराप्पा, नुस्ता रंग राहिलाय."

"मग कागदाची करा."

"कागदाची केली तर तू म्हणशील, शाई जड झाली."

पिराप्पा हसले नाहीत. ते मला तसेच, केवळ नवा रंग देऊन, परत घेऊन आले.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. तुमच्या घरातही अशा वस्तू असतील. कुणी म्हणेल चष्म्याची काच खराब झाली, कुणी म्हणेल घरातला जिना उंच झाला, कुणी म्हणेल पेपरातली अक्षरे हल्ली बारीक छापतात. वस्तूकडे जरूर पाहा. तिला पुसा, कोरडी ठेवा, तिच्या जागी ठेवा. आम्हाला एवढे पुरते. पण वस्तू पाहून झाल्यावर ती धरणाऱ्या हाताकडेही एकदा पाहा, आणि त्याच्यापाशी थोडा वेळ बसा. आमच्या घरी ते कुणीच केले नाही. सगळ्यांनी माया केली, आणि माया म्हणून सगळे गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचे मोल दुसऱ्याच एका म्हातारीला मोजावे लागले.

त्या सहाव्या वर्षीच्या जत्रेची सकाळ उजाडली. चटईवर घोंगडी, पागोटे, घुंगरांचा पट्टा आणि मी, असे सगळे मांडून ठेवले होते. मल्लिकार्जुन चुलीच्या धगीला ढोलाचे कातडे तापवत होता. जगदेवी पिराप्पांच्या अंगात सदरा घालत होती, उजवी बाही आधी. तेवढ्यात दारात काठी वाजली.

"हायस का पिराप्पा?"

"या काकू, या. जगदेवी, च्या ठिव."

"च्या नगं," सुभद्राबाई उंबऱ्यापाशीच बसल्या. "एक मागायला आले."

"मागा की."

"औंदा आमच्या विहिरीचं नाव पयलं घे."

पिराप्पा गोंधळले. "क्रम कसा बदलावा काकू? आज्या-पणज्यानं लावून दिलाय. थोरल्या बावडीच्या आदी कुणाचं नाव येत न्हाई."

"ते मलाबी ठाव हाय. चाळीस वर्सं ऐकायलेय." त्या थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पर पयल्या नावाला तुझा हात वर आसतोय रं बाबा."

मल्लिकार्जुनने ढोल धगीवरून बाजूला घेतला. जगदेवीची बोटे सदऱ्याच्या गुंडीवर थांबली.

"हाताचं काय न्हाई काकू," पिराप्पा घाईने म्हणाले. "ही तलवारच जड हाय. पंचाक्षरी अण्णाला सांगून सांगून थकलो मी."

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या उजव्या हातात काठी होती, म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला आणि मला दोन बोटांत उचलले. मी सहज वर गेले. त्यांच्या पदराच्या वर, कपाळाच्या वर, दाराच्या चौकटीपर्यंत गेले. सत्तरी उलटलेल्या त्या हाताला मी जाणवलेसुद्धा नाही.

"ही व्हय?" त्यांनी विचारले. तो टोमणा नव्हता. त्यांना खरेच कळले नव्हते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पिराप्पांकडे पाहिले, आणि मग त्यांना कळले. त्यांनी मला फार हळू चटईवर ठेवले. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या मनाला यील तसं कर. इहीर काय, औंदा न्हाई तर फुडल्या साली भरंल." आणि त्या काठी टेकत गेल्या.

पिराप्पांनी चटईवरचा घुंगरांचा पट्टा जगदेवीकडे सरकवला. मग म्हणाले, "बांध." जगदेवीने पट्टा बांधला.

वेशीत गर्दी होती. लॉऱ्यांचा हंगाम असूनही पंचाक्षरी आले होते. पाराच्या कोपऱ्याला ते मागे उभे होते. सुभद्राबाई या वेळी पहिल्या रांगेत नव्हत्या. पालखी थांबली. मल्लिकार्जुनने ढोलाचे टिपरू उचलून धरले आणि पहिल्या नावाची वाट पाहू लागला. पिराप्पांनी मला उचलले. आधी खांदा हलला, मग कोपर. मनगटाची पाळी आली तेव्हा मी त्यांच्या छातीसमोर होते, आणि तिथेच राहिले. ते मला जोर लावत नव्हते. मी त्यांच्या मुठीत होते, मला ते कळत होते. त्यांनी प्रयत्न सोडला होता.

"मल्लू," ते म्हणाले, "ढोल उतरव."

"कामून अण्णा?"

"उतरव म्हणलो न्हवं. हिकडं यी."

मल्लिकार्जुनने ढोल बसलिंगप्पांकडे दिला. पिराप्पांनी डाव्या हाताने आपल्या कमरेची गाठ ओढली. ती सुटेना, तेव्हा जगदेवी पुढे येऊन ती सोडवू लागली आणि कुणी तिला अडवले नाही. घुंगरांचा पट्टा भावाच्या कमरेला बांधला गेला. मल्लिकार्जुन रडत होता आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते, कारण पिराप्पांनी मला त्याच्या हातात दिले होते.

आता रीतीप्रमाणे बोलायचे उरले होते. बसलिंगप्पा आधार द्यावा म्हणून म्हणाले, "तलवार लई जड झाली व्हय पिराप्पा?"

पिराप्पांनी नकारार्थी मान हलवली. ते लोकांकडे वळले आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द विहिरीच्या नावासारखा सुटा करून, म्हणाले:

"तलवार जड न्हाई. कवाच न्हवती. माझा हात वर जात न्हाई."